डॉ. ब्राउन-सेकार : पोर्ट लुईचे सुपुत्र आणि मेंदू वाचविण्याचा शोध

बो-बासेंच्या इस्पितळाचे नाव आपल्या बेटावर कोणाला ठाऊक नाही? ब्राउन-सेकार म्हटले की मनोरुग्णांचे इस्पितळ, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. कोणी विचित्र वागू लागला की थट्टेने त्या नावाचा उल्लेख करण्याची वाईट खोडही आपल्याकडे आहे. पण ज्यांच्या स्मरणार्थ त्या इस्पितळाला हे नाव दिले गेले, ते डॉक्टर कोण होते, त्यांनी काय केले, हे आपल्या मुलाबाळांना विचारले तर बहुतेक घरांतून उत्तर येणार नाही.

आज आपल्या बेटावर मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब घरोघरी आहेत. त्यांच्या पाठोपाठ येणारा अर्धांगवायू, म्हणजे मेंदूचा झटका, अनेक कुटुंबांनी पाहिला आहे. हात-पाय लुळे पडलेल्या आजीपुढे किंवा वडिलांपुढे बसलेल्या घरच्या माणसांच्या मनात एकच प्रश्न असतो : मेंदूचा उरलेला भाग वाचविण्यासाठी काही देता येईल का? औषधांच्या दुकानांतून अँटिऑक्सिडंट नावाच्या गोळ्या मिळतात, नातेवाईक परदेशातून बाटल्या पाठवतात. त्या द्याव्यात की नाही? या प्रश्नाच्या मुळाशी जे शास्त्र आहे, त्याची एक महत्त्वाची वीट आपल्याच पोर्ट लुईत जन्मलेल्या या माणसाने रचली. आणि अशा औषधांच्या बाबतीत माणूस कसा फसू शकतो, हेही त्यांच्याच आयुष्याने जगाला दाखविले. म्हणून आज त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावेसे वाटते.

बापाविना पोर

चार्ल्स-एदुआर ब्राउन-सेकार यांचा जन्म ८ एप्रिल १८१७ रोजी पोर्ट लुई येथे झाला. वडील चार्ल्स एडवर्ड ब्राउन हे अमेरिकेच्या फिलाडेल्फिया शहराचे, व्यापारी जहाजावरचे कप्तान. मुलाचा जन्म होण्यापूर्वीच ते समुद्रात नाहीसे झाले. आई शार्लोत सेकार ही बेटावरच्या फ्रेंच वंशातली. शिवणकाम करून तिने एकटीने मुलाला वाढविले. बेट तेव्हा नुकतेच, म्हणजे १८१० मध्ये, इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. म्हणून हा मुलगा बाप अमेरिकन, आई फ्रेंच आणि स्वतः इंग्रजांचा प्रजाजन अशा तीन देशांच्या खुणा घेऊन जन्मला. पुढे आयुष्यभर ते कोणत्याही एका देशात स्थिर राहिले नाहीत, याचे बीज कदाचित येथेच असावे.

तारुण्यात त्यांनी पोर्ट लुईच्या एका दुकानात कारकुनी केली. त्याच वर्षांत बेटाचे रूप पालटत होते. १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजुरांची जहाजे येऊ लागली, १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, आणि मुंबई बंदरातून निघालेल्या आपल्या मराठी पूर्वजांनीही त्या काळात या किनाऱ्यावर पाय ठेवायला सुरुवात केली. आपली माणसे येत होती तेव्हा हा तरुण जाण्याच्या तयारीत होता. १८३८ मध्ये आईला बरोबर घेऊन तो पॅरिसला गेला.

त्याला डॉक्टर व्हायचे नव्हते, लेखक व्हायचे होते. आपले लिखाण घेऊन तो शार्ल नोदिये या नामवंत साहित्यिकाकडे गेला. नोदियेंनी त्याला साहित्यावर पोट भरण्याचा नाद सोडण्याचा सल्ला दिला. तरुणाने तो मानला आणि वैद्यकाच्या अभ्यासाला लागला. शिक्षण पुरे होण्याआधीच आई वारली. दुःखाने तो खचून गेला, काही काळ मॉरिशसला परतला आणि पुन्हा पॅरिसला जाऊन नेटाने अभ्यास करू लागला. त्याने आईचे आडनाव आपल्या नावाला जोडले. ज्या बाईने सुईदोऱ्यावर मुलाला मोठे केले, तिचे नाव असे वैद्यकाच्या ग्रंथांत कायमचे राहिले. १८४६ मध्ये तो डॉक्टर झाला. प्रबंधाचा विषय होता पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू.

कण्यातले रस्ते

यानंतरची काही वर्षे अत्यंत गरिबीत गेली. राहायला एक लहान खोली, तीतच प्रयोगाचे प्राणी, आणि खाण्यापिण्याची आबाळ. पण त्याच खोलीतून एक मोठा शोध बाहेर पडला. मज्जारज्जूचा उजवा किंवा डावा अर्धा भाग कापला गेला तर काय होते, हे त्यांनी प्राण्यांवर काळजीपूर्वक पाहिले. ज्या बाजूला काप, त्या बाजूची हालचाल जाते. पण वेदनेची आणि थंड-गरमाची जाणीव जाते ती विरुद्ध बाजूची. म्हणजे जाणिवेचे हे रस्ते कण्यातच एका बाजूकडून दुसरीकडे ओलांडून वर चढतात. त्या काळच्या मोठमोठ्या पंडितांचे मत याच्या उलट होते. पुढे माणसांतही तशीच लक्षणे आढळली. सुरीचा घाव किंवा गाठ यांमुळे कण्याचा अर्धा भाग निकामी झाला तर त्या अवस्थेला आज जगभरचे डॉक्टर ब्राउन-सेकार यांचेच नाव देतात.

१८४८ मध्ये पॅरिसमध्ये जीवशास्त्राची एक मंडळी स्थापन झाली, सोसिएते द बियोलोजी. तिच्या पहिल्या चिटणीसांमध्ये ते होते. या मंडळीचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण चाळीस वर्षांनी याच सभागृहात त्यांच्या आयुष्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग घडणार होता.

रक्त परत आले की काय होते?

आता आपल्या मूळ प्रश्नाशी ज्याचा थेट संबंध आहे त्या कामाकडे वळू. शरीराचा एखादा भाग मेला असे आपण म्हणतो तेव्हा तो खरोखर मेलेला असतो, की केवळ रक्तावाचून थांबलेला असतो? ब्राउन-सेकार यांना हा प्रश्न स्वस्थ बसू देईना.

१८५१ मध्ये पॅरिसमध्ये गिलोटिनखाली शिरच्छेद झालेल्या एका गुन्हेगाराचे प्रेत त्यांना प्रयोगासाठी मिळाले. मृत्यूला कित्येक तास उलटले होते, स्नायू ताठरले होते. ब्राउन-सेकार यांनी आपल्याच शिरेतून रक्त काढले. ते घुसळून त्यातले गुठळी करणारे तंतू वेगळे केले आणि ते रक्त प्रेताच्या हातातील रक्तवाहिनीत सोडले. काही वेळाने ताठरपणा गेला आणि डिवचल्यावर स्नायू पुन्हा आकुंचन पावू लागले. माणूस जिवंत झाला नाही, होणारही नव्हता. पण रक्त परत मिळाले तर थांबलेला स्नायू पुन्हा काम करू शकतो, हे सिद्ध झाले.

त्यानंतर १८५७-५८ च्या सुमारास त्यांनी हाच प्रश्न मेंदूला विचारला. धडावेगळे केलेल्या कुत्र्याच्या डोक्याच्या रक्तवाहिन्यांत, सर्व हालचाल थांबल्यानंतर काही मिनिटांनी, त्यांनी प्राणवायूने भरलेले रक्त सोडले. थोड्याच वेळात डोळ्यांच्या आणि चेहऱ्याच्या हालचाली पुन्हा दिसू लागल्या. रक्त थांबविले की त्या पुन्हा बंद पडल्या. वाचताना अंगावर काटा येतो, आणि अशा प्रयोगांबद्दल त्यांच्यावर त्या काळीही कडाडून टीका झाली. पण त्यातून निघालेला अर्थ फार मोठा होता. मेंदू रक्तावाचून लगेच मरत नाही. तो आधी थांबतो, मग मरतो. थांबणे आणि मरणे यांच्यामध्ये थोडासा वेळ असतो, आणि त्या वेळात रक्त परत आणले तर मेंदू परत येऊ शकतो.

आजचा अर्धांगवायूचा सगळा उपचार याच फटीत उभा आहे. पाचांपैकी चार-एक झटके रक्ताची गुठळी मेंदूच्या वाहिनीत अडकल्यामुळे येतात. उरलेले वाहिनी फुटून रक्तस्राव झाल्यामुळे. गुठळीने वाट अडवली की मेंदूचा मधला भाग लवकर मरतो, पण भोवतालचा भाग काही तास नुसता थांबून राहतो. २००६ मध्ये केलेल्या एका हिशेबाप्रमाणे मोठी वाहिनी अडली असता दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात. १९९५ मध्ये गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या तीन तासांत दिल्यास उपयोग होतो हे सिद्ध झाले. २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढविता आली. २०१५ मध्ये, बारीक नळी वाहिनीत घालून गुठळी ओढून काढण्याच्या उपायाचीही परीक्षा यशस्वी झाली. रक्त परत आणा, लवकर आणा. ब्राउन-सेकार यांच्या प्रयोगाने सुचविलेली ही गोष्ट रुग्णाच्या खाटेपाशी पोचायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

बेटावरचा पटकी

१८५२ मध्ये ब्राउन-सेकार नशीब काढण्यासाठी अमेरिकेला गेले. इंग्रजी धड येत नव्हते. व्याख्याने देऊन आणि थोड्या पैशांत बाळंतपणे करून ते दिवस काढत. बोस्टनच्या एलन फ्लेचर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि १८५४ मध्ये ते मॉरिशसला परतले.

ते आले आणि पोर्ट लुईत पटकीची साथ भडकली. हजारो माणसे मेली. त्यांत शहरातले लोक होते तसेच नुकतेच आलेले मजूरही होते. ब्राउन-सेकार रुग्णांच्या सेवेत उतरले. अफूच्या अर्काने पटकी आवरते असे त्यांना वाटत होते. ते पडताळून पाहण्यासाठी त्यांनी काय करावे? रुग्णाची वांती स्वतः गिळली आणि वर अफूचा अर्क घेतला. मात्रा इतकी झाली की त्यांचाच जीव जाता जाता वाचला. साथ ओसरल्यावर बेटवासीयांनी कृतज्ञतेने त्यांच्यासाठी सुवर्णपदक करविले.

स्वतःच्या देहावर प्रयोग करण्याची ही त्यांची सवय जुनीच होती. पोटातला पाचक रस मिळविण्यासाठी त्यांनी दोऱ्याला बांधलेले स्पंज गिळले होते. त्यामुळे खाल्लेले अन्न तोंडात परत येण्याची पीडा त्यांना आयुष्यभर जडली. पुढे अमेरिकेत रिचमंडला शिकवीत असताना कातडीचे कार्य समजून घेण्यासाठी त्यांनी सर्वांगाला व्हार्निश फासले. ते बेशुद्ध पडलेले आढळले आणि व्हार्निश खरवडून काढल्यामुळेच वाचले. या धाडसाचे कौतुक वाटते. पण स्वतःवर केलेल्या एकट्या प्रयोगावर केवढा विश्वास ठेवावा, हा धडा मात्र ते शिकले नाहीत.

१८५६ मध्ये पॅरिसला त्यांनी आणखी एक मोलाचा शोध लावला. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या तर प्राणी फार काळ जगू शकत नाहीत. एवढ्याशा ग्रंथी, पण त्यांच्यावाचून जीवन नाही. शरीरातल्या ग्रंथी रक्तात काहीतरी सोडतात आणि त्यावर शरीर चालते, या विचाराकडे त्यांचे मन येथून वळले.

लुळ्या आजीमुळे उभे राहिलेले इस्पितळ

१८५८ पर्यंत त्यांची कीर्ती दूरवर पोचली. अमेरिकेचे सिनेटर चार्ल्स समनर यांना गुलामगिरीविरुद्ध बोलल्याबद्दल १८५६ मध्ये भर सभागृहात काठीने मारहाण झाली होती. ते पॅरिसला ब्राउन-सेकार यांच्याकडे उपचाराला आले. ब्राउन-सेकार यांनी त्यांच्या पाठीवर भूल न देता डागण्या दिल्या. आपल्या कोकणातल्या जुन्या वैद्यांची आठवण व्हावी असा हा उपाय. त्या काळचे मोठमोठे डॉक्टरही अंदाजानेच चालत होते, हे यावरून ध्यानात येते.

लंडनमध्ये तेव्हा चँडलर नावाचे एक कुटुंब होते. त्यांच्या आजीला अर्धांगवायूचा झटका आला होता. नातवंडांनी, जोहाना, लुईसा आणि एडवर्ड यांनी, तिची शुश्रूषा केली, आणि अशा रुग्णांना कोठेच आसरा नाही हे त्यांच्या लक्षात आले. बहिणींनी मणी आणि शिंपल्यांच्या वस्तू करून विकल्या आणि पैसे जमविले. लंडनचे लॉर्ड मेयर डेव्हिड वायर हे स्वतः या झटक्यातून गेलेले. त्यांनी साहाय्य केले. १८५९ मध्ये संस्था स्थापन झाली आणि १८६० मध्ये क्वीन स्क्वेअर येथे पक्षाघात व अपस्मार यांच्या रुग्णांसाठी अवघ्या आठ खाटांचे इस्पितळ उघडले. त्याच्या पहिल्या डॉक्टरांमध्ये आपले ब्राउन-सेकार होते. मेंदूच्या विकारांसाठी आज जगात नावाजलेल्या इस्पितळांपैकी ते एक आहे.

तेथे रोग्यांची एवढी गर्दी होऊ लागली की प्रयोगाला वेळच उरेना. श्रीमंत रुग्ण दाराशी गाड्या घेऊन उभे. दुसरा कोणी असता तर धनवान झाला असता. ब्राउन-सेकार मात्र १८६३ मध्ये सगळे सोडून निघाले. १८६४ मध्ये हार्वर्डला प्राध्यापक झाले. त्याच वर्षी पत्नी निवर्तली. पुढे पॅरिस, न्यूयॉर्क, जिनिव्हा, पुन्हा पॅरिस असा प्रवास चालू राहिला. अटलांटिक महासागर त्यांनी साठहून अधिक वेळा ओलांडला असे सांगतात. आणखी दोन विवाह झाले, संसार मात्र कोठेच फार काळ टिकला नाही. अखेर १८७८ मध्ये थोर शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांच्या निधनानंतर पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समधील त्यांची जागा ब्राउन-सेकार यांना मिळाली. बापाविना वाढलेला दुकानातला कारकून फ्रान्समधल्या सर्वोच्च विद्यापीठावर जाऊन बसला.

त्यांची सगळीच मते टिकली असे नाही. गिनीपिगच्या मज्जासंस्थेला केलेल्या इजेमुळे येणारी फेफरी त्यांच्या पिलांतही उतरते, असे ते म्हणत. ते चूक ठरले. मेंदूच्या अमुक भागात अमुक काम चालते हे मत त्यांना मान्य नव्हते. येथेही काळ त्यांच्या विरुद्ध गेला. मात्र मेंदूच्या एका जागी इजा झाली की दूरच्या निरोगी भागाचे कामही दबते, हे त्यांचे निरीक्षण पुढे अर्धांगवायूच्या अभ्यासात उपयोगी पडले.

१ जून १८८९

ब्राउन-सेकार बहात्तर वर्षांचे झाले होते. शक्ती कमी झाली होती, प्रयोगशाळेत थोडा वेळ उभे राहिले की थकून बसावे लागे, झोप नीट लागत नव्हती. १ जून १८८९ रोजी सोसिएते द बियोलोजीच्या सभेत त्यांनी उभे राहून सांगितले की आपण कुत्रे आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क काढून स्वतःला टोचून घेतला आहे आणि आपल्याला तारुण्य परत आल्यासारखे वाटते आहे. हाताच्या पकडीचे बळ यंत्राने मोजले तर वाढलेले दिसले, जिने धावत चढता येऊ लागले, तासन्‌तास उभे राहून काम करता येऊ लागले, बुद्धी तल्लख झाली.

सभेत बसलेल्यांपैकी बरेचजण स्वतःच वयस्क होते. काहींनी मान डोलावली, काहींना हसू आले. पण बातमी वाऱ्यासारखी पसरली. जगभर संजीवनी सापडल्याचा गवगवा झाला. ब्राउन-सेकार यांनी स्वतः या अर्कावर पैसा केला नाही. डॉक्टरांना तो फुकट पाठविला आणि परीक्षा करण्यास सांगितले. व्यापाऱ्यांना मात्र एवढी भीड नव्हती. त्यांच्या नावाने नाना तऱ्हेच्या बाटल्या बाजारात आल्या आणि आशेने भरलेल्या म्हाताऱ्यांचे खिसे रिकामे झाले.

ब्राउन-सेकार खोटे बोलत होते का? मुळीच नाही. त्यांना जे वाटले तेच त्यांनी सांगितले. पण त्यांना वाटले ते अर्कामुळे नव्हते. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्यांच्याच रीतीने अर्क तयार करून तपासला. त्यात पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण इतके नगण्य होते की त्याने काही परिणाम होणे शक्य नव्हते. वृषणात ते संप्रेरक साठून राहत नाही आणि पाण्यात काढलेल्या अर्कात फारसे उतरतही नाही. बहात्तर वर्षांच्या त्या थकल्या देहाला उभारी दिली ती आशेने.

पण याच चुकीतून एक सत्यही निघाले. ग्रंथींचे अर्क वापरून पाहण्याची लाट आली. १८९१ मध्ये इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी थायरॉईड ग्रंथी निकामी झालेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती बरी झाली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. १८९४ मध्ये अधिवृक्क ग्रंथींच्या अर्काने रक्तदाब वाढतो हे दिसून आले. आज थायरॉईडची गोळी घेणारी प्रत्येक बाई थोडेफार त्या हास्यास्पद ठरलेल्या सभेचे ऋण बाळगते.

२ एप्रिल १८९४ रोजी, सत्त्याहत्तर वर्षे पूर्ण होण्यास सहा दिवस उरले असताना, ब्राउन-सेकार यांनी फ्रान्समध्ये देह ठेवला. मागे राहिले ते पाचशेहून अधिक शोधनिबंध आणि एका बेटाचे नाव.

आजच्या गोळ्यांचा हिशेब

आता अँटिऑक्सिडंट गोळ्यांकडे येऊ. रक्त परत आले की मेंदू वाचतो, हे ब्राउन-सेकार यांनी दाखविले. त्यांना जे दिसले नव्हते ते पुढे कळले. विझत आलेल्या चुलीवर एकदम फुंकर घातली की जाळ होतो, पण ठिणग्याही उडतात. तसेच उपाशी राहिलेल्या मेंदूत प्राणवायू एकदम परत आला की काही विध्वंसक कण तयार होतात. त्यांना शास्त्रज्ञ मुक्तमूलके म्हणतात. ती पेशींच्या वेष्टनाला आणि आतल्या यंत्रणेला जाळत सुटतात. चिरलेले वांगे हवेत काळे पडते, आणि लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकले की पांढरे राहते, हे आपल्या घरच्या बायकांना ठाऊक आहे. ऑक्सिडीकरणाला असा आळा घालणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. ‘क’ आणि ‘ई’ ही जीवनसत्त्वे त्यांपैकीच. मग झटक्यानंतर तीच द्रव्ये भरपूर दिली तर मेंदू वाचेल, हा विचार अगदी सरळ वाटतो.

उंदरांत तो खराही ठरला. २००१ मध्ये ‘क’ जीवनसत्त्वाचे मेंदूत सहज शिरणारे एक रूप झटका आलेल्या उंदरांना टोचले तेव्हा मेंदूची हानी कमी झाली. प्रयोगशाळेत अशी अनेक द्रव्ये यशस्वी झाली. मग माणसांची पाळी आली. एनएक्सवाय-०५९ नावाचे मुक्तमूलके टिपणारे औषध सुमारे १,७०० रुग्णांना किंवा त्यांच्या जोडीला निव्वळ द्रावण देऊन तपासले गेले. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही नव्हते. २००६ मध्ये निकाल आशादायक आला. पण शास्त्रज्ञ तेथे थांबले नाहीत. त्यांनी तीच परीक्षा सुमारे ३,३०० रुग्णांवर पुन्हा केली. २००७ मध्ये निकाल आला : काहीही उपयोग नाही. औषध सोडून द्यावे लागले.

जपानमध्ये एडारावोन नावाच्या अशाच औषधाला २००१ मध्ये मान्यता मिळाली. ते गोळी म्हणून घरी घ्यायचे नसून इस्पितळात झटक्यानंतर पहिल्या चोवीस तासांत शिरेतून सुरू करतात. अमेरिका आणि युरोप यांनी अर्धांगवायूसाठी ते अजून स्वीकारलेले नाही.

आणि ज्या गोळ्या दुकानात सहज मिळतात त्यांचे काय? ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या नेमाने घेतल्याने झटका टळतो का, हे एक लाखाहून अधिक माणसांच्या परीक्षा एकत्र करून २०१० मध्ये पाहिले गेले. गुठळीचा झटका दहा टक्क्यांनी कमी झाला, पण मेंदूतील रक्तस्राव बावीस टक्क्यांनी वाढला. साध्या भाषेत, ४७६ जणांनी गोळी घेतली तर एकाचा गुठळीचा झटका टळतो, आणि १,२५० जणांनी घेतली तर एकाला जास्तीचा रक्तस्राव होतो. रक्तस्रावाचा झटका बहुधा अधिक घातक असतो. म्हणजे जीवनसत्त्व म्हटले की निदान अपाय तरी नाही, ही समजूत खरी नव्हे. त्यातून रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना न विचारता अशी बाटली उघडूच नये.

मग घरच्या माणसाने करावे तरी काय? तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, की मालिश, काढा, विश्रांती यांत एक मिनिटही न घालवता रुग्णाला इस्पितळात न्यावे. लक्षणे किती वाजता सुरू झाली ते ध्यानात ठेवून सांगावे. त्यानंतर रक्तदाब आणि साखर यांची औषधे चुकवू नयेत, मीठ आवरावे, तंबाखू सोडावी, आणि हातापायांचे व्यायाम नेटाने करून घ्यावेत. फळे, भाज्या, डाळी जेवणात असाव्यात. ताटातला पेरू किंवा लिंबाची फोड कोणी नाकारू नये. नाकारायचे ते बाटलीवरचे मोठे आश्वासन.

शेजाऱ्याला गुण आला असे कोणी शपथेवर सांगितले, तर तो खोटे बोलतो असे समजण्याचे कारण नाही. ब्राउन-सेकारही खोटे बोलत नव्हते. त्यांच्याएवढा अनुभवी शास्त्रज्ञ जर स्वतःच्या देहाबद्दल फसू शकतो, तर आपण कोण? म्हणून विचारावे ते एवढेच : हे किती जणांना देऊन पाहिले, ज्यांना दिले नाही त्यांचे काय झाले, आणि ही परीक्षा दुसऱ्यांनी पुन्हा केली का?

पुढच्या वेळी बो-बासेंच्या त्या इस्पितळावरून जाताना मुलांनी नाव विचारले तर हसण्यावारी नेऊ नये. शिवणकाम करणाऱ्या एका पोर्ट लुईच्या आईचा हा मुलगा होता. मेंदू मरण्याआधी थोडा वेळ थांबून राहतो हे त्याने जगाला दाखविले, आणि त्या थोड्या वेळावर आज असंख्य माणसांचे हातपाय आणि वाचा अवलंबून आहेत, हे त्यांना अवश्य सांगावे.